फुटलेल्या दगडाच्या मागावर

खनिजं गोळा करण्याचा नाद लागलेल्या माणसाला सर्वांत आधी हवी असते ती ठिकाणांची यादी. महाराष्ट्रापुरती अशी यादी देणं अवघड नाही. पाषाण, वाघोली, पांडवलेणीजवळची खाण, सावदा, जालना, राहुरी, मालाड, कांदिवली ही नावं लंडनपासून वॉशिंग्टनपर्यंतच्या संग्रहांतल्या चिठ्ठ्यांवर सापडतात. पण ही यादी घेऊन घराबाहेर पडलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो. कांदिवलीत इमारती आहेत. पाषाणच्या टेकड्यांना शहराने वेढलं आहे. राहुरीची ती प्रसिद्ध जागा मुळात खाण नव्हतीच, ती एका शेतातली विहीर होती. आपल्याकडच्या स्फटिकांना कायमचं गाव नसतं. कोणीतरी कुठल्यातरी कामासाठी दगड फोडतो, त्या दगडातली एखादी पोकळी उघडी पडते, आणि काही आठवडे किंवा काही वर्षं ती जागा नकाशावर येते. म्हणून ‘कुठे सापडतात?’ यापेक्षा ‘सध्या कुठे फोडतायत, आणि कोणत्या थरात?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

याचं कारण इथल्या खडकात आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्टने व्यापलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले. आजही त्यांनी जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे, आणि एकट्या महाबळेश्वरच्या परिसरात या थरांचा बाराशे मीटर जाडीचा छेद उघडा दिसतो. थिजणाऱ्या लाव्ह्यातून वायू बाहेर पडताना अडकला, त्याच्या पोकळ्या राहिल्या. नंतर खडकातून मुरणाऱ्या खनिजयुक्त पाण्याने त्या पोकळ्यांत स्फटिक वाढवले. काही स्फटिक तर त्यांना पोटात घेऊन बसलेल्या खडकापेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण निघाले आहेत. पोकळी आधीची आणि भरणा नंतरचा, हे लक्षात ठेवलं की शोधायचं काय ते कळतं: नुसता काळा दगड पुरत नाही, त्यात जागा हवी आणि त्या जागेपर्यंत पाणी पोचलेलं हवं.

या भरण्यात दोन घराणी आहेत आणि त्यांच्या शोधाच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत. एक क्वार्ट्झचं: गारगोटी, अकीक, जास्पर, जांभळा अ‍ॅमेथिस्ट. ही मंडळी कठीण. खडक झिजून माती झाला तरी ती उरतात. म्हणून ती नदीच्या गोट्यांत मिळतात, नांगरटीनंतर काळ्या रानात चमकतात. दुसरं घराणं झिओलाइटचं आणि त्याच्या सोबत्यांचं: स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट, चॅबाझाइट, शिवाय शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत झिओलाइट न ठरणारा पण कायम त्यांच्यातच राहणारा अ‍ॅपोफिलाइट. हे मऊ आणि ठिसूळ. ऊन-पावसात त्यांची चमक जाते, कडा तुटतात. लॉमोंटाइट तर उघड्यावर आला की अंगातलं पाणी गमावून भुगा होतो. तेव्हा नदीकाठी फिरून अ‍ॅपोफिलाइट मिळेल ही आशा सोडलेली बरी. त्यासाठी ताजा फुटलेला दगडच पाहिजे.

ताजा दगड इथे मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा फोडला तो रेल्वेने. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट खोदला गेला आणि त्या कापातून निघालेले स्फटिक इंग्लंडला गेले. पाठोपाठ थळघाट झाला. त्या काळच्या चिठ्ठ्यांवर बहुतेकदा नुसतं ‘पूना’ किंवा ‘भोर घाट’ एवढंच असतं. घाटात सापडलेली आणि पुण्याच्या बाजारात विकली गेलेली अशी दोन्ही खनिजं त्या एका शब्दात बसवली जात.

रेल्वेनंतर खडीच्या खाणी आल्या, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांतले नावाजलेले बहुतेक नमुने त्यांनीच दिले. शहर वाढलं की काँक्रीट लागतं, काँक्रीटला खडी लागते, खडीला शहराच्या हद्दीबाहेरची टेकडी लागते. मग शहर त्या टेकडीपर्यंत पोचतं आणि खाण पुढे सरकते. पाषाणच्या खाणींतून हिरवा अ‍ॅपोफिलाइट निघाला. तो हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. नगर रस्त्यावरच्या वाघोलीतून १९८०च्या दशकाच्या अखेरीस व्हॅनेडियमचंच आणखी अपूर्व रूप बाहेर पडलं: कॅव्हन्साइट. गर्द निळ्या रंगाचे, सुयांनी भरलेले छोटे गोळे, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले. हे खनिज मूळ अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडलं आणि १९७३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं; पण जगातल्या संग्राहकांनी ते मनसोक्त पाहिलं ते वाघोलीमुळे. त्याच परिसरात त्याचं भावंड, तीच रासायनिक घडण पण निराळी स्फटिकरचना असलेला पेंटागोनाइटही मिळाला. आता वाघोली म्हटलं की घरांच्या जाहिराती आठवतात.

नाशिकजवळ पांडवलेणीच्या बाजूच्या खाणीने हिरव्या अ‍ॅपोफिलाइटबरोबर पॉवेलाइट दिला, सिन्नरच्या माहोदरीने पिवळ्या फ्लोराइटचे गोळे. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचे स्टिल्बाइट आणि अ‍ॅपोफिलाइट यांचे गुच्छ बाजारात वर्षानुवर्षं फिरत आले. मुंबईच्या उपनगरी खाणी प्रेहनाइट आणि काळ्या बॅबिंग्टोनाइटसाठी ओळखल्या जात.

खाणीत गेल्यावर कुठे पाहायचं याची एक मेख आहे. क्रशरवाल्याला हवा असतो घट्ट, एकजिनसी काळा दगड. जाळीदार, पोकळ्यांचा दगड खडीला वाईट; तो बाजूला पडतो, भरावाला जातो किंवा कामाच्या कडेला ढीग होऊन राहतो. त्यामुळे कामाच्या तोंडाशी जाऊन मुकादमाच्या शिव्या खाण्यापेक्षा टाकाऊ ढिगाकडे वळावं. कड्याकडे दुरून पाहिलं तरी थर वाचता येतात: खाली घट्ट भाग, वर बुडबुड्यांचा जाळीदार पट्टा, मधूनच लाल मातीची रेघ. ती लाल रेघ म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या विश्रांतीत तयार झालेला थर. जिथे लाव्हा लहान-लहान जिभांनी एकावर एक चढला आहे तिथे पोकळ्या पुष्कळ. जिथे एकच जाड थर सरळसोट थिजला, तिथे दिवसभर फिरून हात काळे होतात, बाकी काही नाही.

धोक्याबद्दल आडून बोलण्यात अर्थ नाही. खाणीत न फुटलेला सुरुंग असू शकतो. सुरुंगाने हललेला कडा हातोड्याच्या एका ठोक्याने येऊ शकतो. बंद पडलेल्या खाणीत साठलेल्या पाण्याची खोली काठावरून कळत नाही आणि अशा खाणी दर पावसाळ्यात माणसांचे बळी घेतात. मालकाची किंवा ठेकेदाराची परवानगी, काम बंद असल्याची खात्री, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, आणि कड्यापासून कड्याच्या उंचीइतकं तरी अंतर. यातलं एकही जमत नसेल तर ढीगही नको.

विहिरीचा मार्ग मला खाणीपेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो सगळीकडे आहे. मराठवाडा, नगर, खानदेश इथे उन्हाळ्यात नव्या विहिरी उतरतात, जुन्या खोल होतात. खोदून काढलेला डबर बांधावर पडतो आणि पुढे रस्त्याला किंवा भरावाला जाईपर्यंत तिथेच असतो. राहुरीच्या मोमीन आखाडा इथल्या विहिरीतून २००१ साली निघालेले हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचे गोल झुबके आज जगातल्या उत्तम नमुन्यांत गणले जातात. ती विहीर पाण्यासाठीच खोदली होती. शेततळी, कालव्यांचे काप, पुलांचे पाये, बोगद्यांचा राडारोडा हेही याच जातीचे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बेसाल्टच्या प्रदेशातून आडवा जातो. त्याच्या कापांचे थर गाडीतून पाहून जीव हळहळतो, पण द्रुतगती मार्गावर थांबायचं नसतं.

विहिरीपाशी पोचण्यासाठी नकाशा उपयोगी पडत नाही. तिथे गावचा चहाचा टपरीवाला, बोअरचा ट्रक चालवणारा आणि पोकलेनवाला यांच्याइतकं जाणकार कोणी नसतं. आणि वडार. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या या समाजातल्या म्हाताऱ्या माणसाला कुठल्या टेकडीचा दगड कसा तुटतो, कुठे ‘पोकळ’ लागतो, हे ठाऊक असतं. छापील भूशास्त्रात ते त्या तपशिलाने येत नाही. अशा वेळी दोन प्रश्न नीट विचारावेत. चमकणारं काही निघालं का, हा एक. आणि ते कितव्या फुटाला निघालं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला पुष्कळदा हसू मिळतं. दुसऱ्याला नेमकं उत्तर मिळतं.

नदीपात्र हे नवशिक्याचं, मुलांचं आणि ज्याला परवानग्यांचा कंटाळा आहे अशाचं क्षेत्र (परवानगीचा मुद्दा पुढे येतोच). गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड, तापी यांच्या गोट्यांत पट्ट्यांचे अकीक, लाल-पिवळे जास्पर, दुधी गारगोट्या मिळतात. पावसाळा संपून पाणी उतरल्यावर गोटे नव्याने पसरलेले असतात, तेव्हा जावं. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे प्रवाह मंदावतो, तिथे ते साठतात. गोटा ओला करून पाहावा. कोरड्या अकिकाकडे बघून काहीच कळत नाही. या गोट्यांचं आपल्या आधीचं गिऱ्हाईक फार जुनं आहे. प्रवरेकाठच्या नेवाशात आणि घोडकाठच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगातल्या लोकांनी याच जातीच्या दगडाची पाती केली. दोन्हीकडच्या उत्खननांत ती सापडली. अशा काठांवर धारदार, मुद्दाम सोललेली चकती दिसली तर ती खनिजाचा नमुना नसून माणसाचं काम असू शकतं. ती जागेवरच ठेवावी, फोटो काढावा आणि जाणकाराला कळवावं.

खनिजांऐवजी खडक जमवणाऱ्याला आपल्याकडे ‘सगळा काळाच दगड’ अशी खंत वाटते, ती फारशी खरी नाही. मंचर आणि कर्जतजवळचं कशेळे इथल्या बेसाल्टमध्ये बोटभर लांबीचे फेल्डस्पार विखुरलेले असतात. तो दगड हातात घेतला की बेसाल्टबद्दलचं मत बदलतं. कोकणात वरचा जांभा आणि खालचा मूळ खडक एकाच कापात पाहता येतो. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, निघोजचे रांजणखळगे, लोणारचं विवर या जागा मात्र डोळ्यांनी पाहायच्या. लोणार तर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे. तिथला खडाही उचलू नये.

बेसाल्ट संपला की खेळच बदलतो. नागपूर-भंडाऱ्याचा मँगनीजचा पट्टा हा दख्खनच्या सगळ्या बेसाल्टहून कितीतरी जुना, तापून-दबून रूपांतरित झालेला खडक. मनसर, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणींचा हा प्रदेश. भूशास्त्रज्ञ लुईस फर्मोर याने १९०९ मध्ये भारताच्या मँगनीज साठ्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यातला मोठा भाग या मुलखात फिरून लिहिला गेला. इथे ब्रॉनाइट, मँगनीजचा नारिंगी-तपकिरी गार्नेट, गुलाबी छटेचे अभ्रकी खडक अशी खनिजं मिळतात. बेसाल्टच्या पोकळ्यांवर पोसलेल्या डोळ्यांना ती सुरुवातीला कुरूपच वाटतात. भंडाऱ्यात कायनाइट, देवलापारच्या बाजूला संगमरवर. या खाणी कंपन्यांच्या ताब्यात, फाटकावर पहारा; महाविद्यालयाच्या सहलीबरोबर गेल्यास दार उघडण्याची शक्यता एकट्याने जाण्यापेक्षा बरीच जास्त. दक्षिण टोकाला सिंधुदुर्गात कणकवलीचा क्रोमाइट, कासार्ड्याची सिलिका वाळू, रेडीचं लोहखनिज. पुढे गोव्यातही तीच लोह आणि मँगनीजची वाट.

विदर्भातले जीवाश्म हा वेगळाच विषय. नागपूरच्या टाकळीला मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने १८५०च्या दशकात लाव्ह्यांमधल्या तळ्यांचे जीवाश्म गोळा केले. चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा डायनोसॉरच्या हाडांसाठी आणि विष्ठाश्मांसाठी माहीत आहे. पण स्फटिक उचलल्याने फारसं बिघडत नाही, हाड उचललं तर पुरावा जातो. छंद म्हणून जीवाश्मांना हात न लावणंच बरं, असं माझं मत आहे.

आता कायदा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांवरचा हक्क शासनाने राखून ठेवलेला आहे, आणि त्यात चालू-बंद खाणी, जुने ढीग, नाले, नदीपात्रं सगळं येतं. गौण खनिजाचं उत्खनन तहसीलदार-जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्याने होतं आणि त्याची मोजदाद ब्रासमध्ये होते. ही यंत्रणा वाळूच्या डंपरसाठी उभी केलेली आहे. खिशात गारगोटी घालणाऱ्याकडे तलाठी ढुंकूनही पाहत नाही, हे खरं. तरीही विकण्यासाठी पोतं भरणं आणि आठवण म्हणून दोन दगड उचलणं यांतली रेघ आपली आपण आखावी लागते. वनजमिनीवर मात्र रेघ पक्की आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या व्याख्येत जंगलात सापडलेला दगड हेसुद्धा वनोपज आहे. सह्याद्रीतले किती डोंगर वनखात्याचे आहेत ते पाहता, ट्रेकला पिशवीत हातोडा नेणाऱ्याने आधी सातबारा किंवा वनहद्दीचा दगड पाहावा. किल्ले, लेणी, अभयारण्यं यांत प्रश्नच येत नाही. शिवाय खाजगी शेतात शेतकऱ्याला न विचारता पाय टाकणं हे कायद्याआधी रीतीला सोडून आहे.

छंदापुरतं, हातात मावेल इतकं उचलण्याची सोपी वार्षिक पावती भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाने द्यावी, बदल्यात संग्राहकाने काय कुठे मिळालं याची नोंद जमा करावी, असं मला फार दिवस वाटतं. क्रशरमध्ये दररोज जे दळलं जातं त्यापुढे संग्राहकाची पिशवी काहीच नाही. उलट ती पिशवी भरली तरच त्या स्फटिकांचा मागमूस राहतो.

घरबसल्या करण्यासारखी तयारीही पुष्कळ आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे फुकट पाहता येतात. जिल्हा संसाधन नकाशांत कुठल्या तालुक्यात कुठला थर आणि कुठे खाण ते दिसतं. उपग्रहचित्रात खडीच्या खाणी करड्या खड्ड्यांसारख्या ओळखू येतात, आणि जुनी-नवी चित्रं ताडून पाहिली की कुठली अजून वाढते आहे तेही कळतं. जुन्या मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांतली खनिजांची प्रकरणं अजून वाचण्यासारखी आहेत. आणि सर्वांत आधी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय पाहावं. नौदलातून निवृत्त झालेल्या के. सी. पांडे यांनी ते उभारलं. पेंढीसारखा मधे आवळलेला स्टिल्बाइट, चौकोनी शिखराचा अ‍ॅपोफिलाइट, पांढऱ्या मऊ तंतूंचा ओकेनाइट हे एकदा चांगल्या नमुन्यात पाहिले की ढिगाऱ्यातला चिखलाने माखलेला तुकडाही ओळखू येतो. घरी खात्री करायला दोन चाचण्या पुरतात: लिंबाच्या रसाने फसफसला तर कॅल्साइट, काचेवर सहज चरा उमटवला तर क्वार्ट्झ.

विकत घेणंही या छंदात येतंच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लेण्यांच्या पायथ्याशी विकली जाणारी भडक जांभळी-गुलाबी पोकळी मात्र बहुधा रंगवलेली असते. ओकेनाइटला तर निळा, हिरवा, गुलाबी असा कुठलाही रंग चढतो. कॅव्हन्साइटचे सुटे गोळे दुसऱ्याच दगडावर चिकटवून विकल्याचेही प्रकार झालेले आहेत. भिंगाखाली बुडाशी डिंकाची चकाकी दिसते. विक्रेत्याला दगडाचं गाव विचारावं. ‘जळगाव साइड’ हे उत्तर नव्हे.

गावाचा हा आग्रह हट्टापायी नाही. १९७४ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले आर. एन. सुखेसवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या बेसाल्टचे लॉमोंटाइट, स्कोलेसाइट आणि ह्यूलंडाइट असे तीन पट्टे दाखवले. कुठलं खनिज कुठे मिळालं याच्या नोंदीशिवाय अशी मांडणी करताच येत नाही, आणि ‘पूना’ एवढंच लिहिलेले शेकडो सुंदर नमुने त्या कामासाठी निरुपयोगी ठरतात. म्हणून दगड कागदात गुंडाळण्यापूर्वीच चिठ्ठी लिहावी: गाव, तालुका, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, तारीख, ढिगात मिळाला की खडकात बसलेला, सोबत कुठली खनिजं होती. घट्ट थरातला की जाळीदार पट्ट्यातला, तेही. विहिरीतला असेल तर खोली लिहावी; ती मोजायला उतरावं लागत नाही, शेतकऱ्याला प्रत्येक फुटाचा खर्च पाठ असतो.